तेल-गॅस कंपन्यांच्या हेजिंगचे तोटे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीत माझं अकाउंटचं काम चालतं आणि गेल्या काही वर्षांत खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं टॅक्सचे कागद घेऊन आली की हळूच तेलाचा विषय काढतात, कुणी अमेरिकेतल्या तेल कंपनीचे शेअर घेतलेत, कुणाचा मुलगा समुद्रातल्या रिगवर कामाला आहे, कुणी रात्री एमसीएक्सवर, म्हंजे मुंबईच्या कमोडिटी एक्स्चेंजवर, क्रूडचे सौदे करतंय. सगळ्यांनी एकच ऐकलेलं असतंय की हेजिंग म्हणजे इन्शुरन्स, एकदा केलं की झोप लागते. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं कुणी नीट सांगत नाही म्हणून हे पान लिहिलंय. नेहमी येणारे प्रश्न घेतलेत, काहींची उत्तरं लांब झालीत कारण विषयच तसा आहे.

प्र. हेजिंग म्हणजे नेमकं काय, आधी साध्या भाषेत सांगा की.

तेल काढणारी कंपनी पुढच्या वर्षी निघणाऱ्या तेलाचा भाव आजच बांधून घेते. समजा बँकेबरोबर ७० डॉलरचा स्वॅप केला. पुढं भाव ५० झाला तर बँक वरचे २० देते, भाव १०० झाला तर कंपनी बँकेला ३० देते, म्हंजे काहीही झालं तरी कंपनीच्या हातात ७० च. इथपर्यंत सगळे समजावून सांगतात आणि इथंच थांबतात. माझं म्हणणं असं की भावाची रिस्क गेली हे खरं, पण तिच्या जागी कॅशची रिस्क येते, माल निघेल का नाही याची येते, आणि तुमच्या विहिरीजवळचा भाव वेगळा असण्याची येते. ह्या तिन्ही रिस्क अशा की त्या नेमक्या सगळं चांगलं चाललंय असं वाटत असताना अंगावर येतात.

प्र. भाव वाढला तर जास्तीचा नफा हुकतो, एवढाच तोटा ना? तेवढा चालतोय की.

एवढाच असता तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. नफा हुकणं हा सगळ्यात किरकोळ तोटा आहे, खरा घोळ वेळेचा आहे.

आकडे मांडून बघा. कंपनी महिन्याला १० लाख बॅरल काढते आणि पुढच्या बारा महिन्यांचं सगळं तेल ७० ला बांधलंय, म्हंजे १ कोटी २० लाख बॅरल. कुठंतरी युद्ध पेटलं आणि आठ दिवसांत भाव १०० वर गेला. बॅरलमागं ३० डॉलर, एकूण ३६ कोटी डॉलरचा फरक हेजवर उभा राहिला. हा फरक एक्स्चेंजवर असेल तर रोजच्या रोज भरावा लागतो, बँकेशी करार असेल तर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तारण मागतात, त्यालाच मार्जिन कॉल म्हणतात. पैसे आज पाहिजेत, आणि ज्या तेलातून ते पैसे यायचेत ते तेल अजून जमिनीखाली आहे, महिन्याला १० लाखाच्या वर निघत नाही. वर्षाच्या शेवटी हिशेब जुळतोय हो, कागदावर तोटा काहीच नाही, पण पुढच्या आठवड्यात ३६ कोटी डॉलर कुठून आणायचे? भाव वाढल्यामुळं तेल कंपनी अडचणीत आली हे ऐकायला उलटं वाटतंय पण ते असंच होतंय.

खरं उदाहरण सोन्यातलं आहे, पण यंत्रणा तीच. घानामध्ये अशांती गोल्डफील्ड्स म्हणून मोठी सोन्याची खाण कंपनी होती, तिनं भाव पडेल या भीतीनं भरपूर हेज करून ठेवलेलं. २६ सप्टेंबर १९९९ ला युरोपातल्या १५ सेंट्रल बँकांनी जाहीर केलं की आम्ही सोनं विकायला मर्यादा घालणार. सप्टेंबरच्या मध्याला औंसाला २५५ डॉलरच्या आसपास रेंगाळणारं सोनं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ३२० च्या पुढं गेलं. खाणीत सोनं आहे, सोन्याचा भाव चढलाय, आणि कंपनी दिवाळखोरीच्या दारात, कारण बँकांचे मार्जिन कॉल सुमारे २७ कोटी डॉलरचे. शेवटी बँकांनी तगादा थांबवला पण बदल्यात कंपनीत १५ टक्के हिस्सा घेण्याचा हक्क लिहून घेतला. पुढं २००४ ला ती कंपनी अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली.

गॅसमधलं अलीकडचं उदाहरण म्हंजे ईक्यूटी, अमेरिकेतली सगळ्यात मोठ्या गॅस उत्पादकांपैकी एक. २०२१ ला गॅसचा भाव चांगला वाढला, आणि त्याच वर्षी कंपनीनं १०० कोटी डॉलरच्या वर निव्वळ तोटा दाखवला, कारण हेजवरचा तोटा. त्यातला बराचसा कागदी होता हे कबूल, पण मार्जिन भरायला लागलेले पैसे कागदी नव्हते.

प्र. समोरची पार्टीच बुडली तर?

होतंय तसंपण. ११ जुलै २००८ ला क्रूड १४७ डॉलरवर गेलं आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ओक्लाहोमातल्या सेमग्रुप नावाच्या तेल खरेदी-विक्रीच्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला. तिच्या सौद्यांवरचा तोटा आणि मार्जिन भरता भरता रोकड संपली. तिला तेल घालणारे छोटे छोटे उत्पादक होते त्यांचे घातलेल्या तेलाचे पैसे अडकले. त्यांचं स्वतःचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून भाव कितीला बांधला यापेक्षा कुणाशी बांधला हे आधी विचारायचं.

प्र. जेवढं तेल बांधलंय तेवढं निघालंच नाही तर काय होतंय?

हा प्रश्न शेतकऱ्याला एका मिनिटात कळतो. संकेश्वरच्या बाजूला कुणी मिरची झाडावर असतानाच व्यापाऱ्याला शब्द दिला की वीस क्विंटल ह्या भावानं घालतो, मग अवकाळीनं झोडपलं आणि आठच क्विंटल हातात आली. सगळ्यांचीच मिरची गेल्यामुळं बाजारात भाव डबल. आता उरलेली बारा क्विंटल डबल भावानं विकत घेऊन शब्द पाळायचा. पीकही गेलं आणि वर खिशातले पैसेही गेले.

फेब्रुवारी २०२१ ला टेक्सासमध्ये हिमवादळ आलं तेव्हा गॅसवाल्यांचं हेच झालं. विहिरींची तोंडं गोठली, पाइप गोठले, लाइट गेली, गॅस निघेना. आणि ज्यांनी रोज इतका गॅस देतो म्हणून आधीच ठरलेल्या भावात विकला होता त्यांना तो बाजारातून घेऊन द्यावा लागला, एरवी ३ डॉलरच्या आसपास मिळणारा एक एमएमबीटीयू (गॅस मोजायचं माप) गॅस त्या आठवड्यात टेक्सास-ओक्लाहोमात शेकडो डॉलरला गेला. ज्यांचं काहीच बांधलेलं नव्हतं आणि थोडा का होईना गॅस चालू होता त्यांनी मात्र चार दिवसांत वर्षाची कमाई केली. शेल म्हंजे कठीण खडक फोडून काढलेलं तेल-गॅस, त्याच्या विहिरीला तर वादळाचीही गरज नाही, पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याच्या खाली येतं, त्यामुळं नवीन विहिरी मारल्याच नाहीत तर दुसऱ्या वर्षी बांधलेला आकडा आणि निघणारा आकडा यांचा मेळ बसत नाही.

प्र. तेलाचा भाव तर जगात एकच असतोय ना?

टीव्हीवर एकच असतोय. हेज होतं ते डब्ल्यूटीआयवर, म्हंजे ओक्लाहोमातल्या कुशिंग गावातला भाव, आणि तुमची विहीर आहे पश्चिम टेक्सासला. २०१८ ला तिथं तेल एवढं निघायला लागलं की न्यायला पाइपलाइन पुरेना, आणि मिडलँडचा भाव कुशिंगपेक्षा १५ डॉलरच्या वर खाली गेला. कॅनडात त्याच वर्षी शेवटी शेवटी हा फरक ४० डॉलरच्या पुढं होता. गॅसचं आणखी वाईट, लुईझियानातला हेन्री हब हा मापाचा भाव, पण टेक्सासच्या वाहा हबला कित्येकदा भाव शून्याच्या खाली गेलाय, म्हंजे गॅस घेऊन जा आणि वर पैसे पण घ्या. अशा वेळी हेन्री हबवर केलेलं हेज तुम्हाला काहीच देत नाही कारण तिथं भाव नीट आहे. वाईटात वाईट केस म्हंजे हेन्री हब वर आणि वाहा खाली, तेव्हा हेजवर पण पैसे द्यायचे आणि विकून पण पैसे नाहीत.

प्र. आमची उद्यमबागला फाउंड्री आहे, गॅस लागतोय. आम्ही एमसीएक्सवर नॅचरल गॅस घेऊन ठेवला तर?

तुम्ही घेणारे आहात त्यामुळं तुमची दिशा उलटी, भाव पडला की तुमचा तोटा. पण अडचण वरच्याच उत्तरातली आहे. एमसीएक्सचा नॅचरल गॅस शेवटी अमेरिकेच्या हेन्री हबच्या भावावर सेटल होतो. दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन आपल्या बेळगाववरून जाते खरी, पण तुमच्या मीटरला जे बिल येतं ते तुमच्या करारातल्या फॉर्म्युल्यानं येतं, आयात गॅसचे भाव बहुतेक करून ब्रेंट क्रूडच्या भावाशी नाहीतर आशियाच्या एलएनजी (द्रवरूप गॅस) भावाशी जोडलेले असतात. अमेरिकेत थंडी कमी पडली म्हणून हेन्री हब पडला तर तुमचा फ्युचरवर (एमसीएक्सच्या सौद्यावर) तोटा आणि बिल आहे तेवढंच. आधी करार काढून फॉर्म्युला वाचा, मला दाखवलात तरी चालेल. एक लॉट १२५० एमएमबीटीयूचा असतो, किरकोळ दिसतो पण मार्जिन रोज हलतंय.

प्र. स्वॅप नको, पुट ऑप्शन घेतला तर वर पण मोकळं आणि खाली पण संरक्षण, बरोबर?

बरोबर, पुट म्हंजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, पण त्याचा प्रीमियम भरावा लागतो आणि तो लई महाग असतोय. मेक्सिकोचं सरकार दरवर्षी हे करतंय, साधारण १०० कोटी डॉलर वर्षाला प्रीमियम. २००९ ला त्यांना ५०० कोटींच्या वर मिळाले, २०१५ ला ६०० कोटींच्या वर. मधल्या तेजीच्या वर्षांत भरलेला प्रीमियम गेला तो गेला. देशाला ते परवडतंय, कर्जावर चाललेल्या मध्यम कंपनीला परवडत नाही, म्हणून ती काय करते तर प्रीमियम वाचवायला दुसरे ऑप्शन विकते.

इथं नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त फसवणूक स्वतःची इथं होते. कंपनी ५० चा पुट घेते, त्याचे पैसे भरायला ६० चा कॉल, म्हंजे समोरच्याला ६० ला घ्यायचा हक्क, विकते, आणि तरी कमी पडले तर ४० चा पुट पण विकते. याला थ्री-वे कॉलर म्हणतात. रिपोर्टमध्ये छापतात की आमचं ७० टक्के उत्पादन ५० डॉलरला हेज आहे. भाव ४५ झाला तर खरंच ५० मिळतात. पण भाव २० झाला तर? ५० च्या पुटवर ३० मिळाले, विकलेल्या ४० च्या पुटवर २० द्यावे लागले, उरले १०, म्हंजे २० आणि १० मिळून ३०. छापलंय ५० आणि हातात ३०. जिथं संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज तिथंच ते निघून गेलं, आणि वर ६० च्या पुढचा फायदा पण आधीच विकून टाकलेला. २०१४-१६ च्या पडझडीत आणि परत २०२० ला असे कॉलरवाले उघडे पडले. फुकट कॉलर म्हणून जे खपवतात ते माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य आहे, कारण किंमत कुणीतरी मोजलेली असतेच, ती फक्त पहिल्या दिवशी दिसत नाही.

प्र. आज भाव ८० आहे, मग दोन वर्षांसाठी ८० लाच बांधता येईल का?

बहुतेक वेळा नाही. टंचाई असली की हातातला माल महाग आणि पुढचा स्वस्त असतोय. २०२२ च्या उन्हाळ्यात चालू भाव ११०-१२० आणि दीड वर्ष पुढचा ९० च्या आसपास. बातमीत बघून तेजी आली बांधा म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं.

प्र. बँकवालेच हेज करायला लावतात म्हणे?

हो. अमेरिकेत जमिनीखालचं तेल तारण ठेवून कर्ज मिळतं आणि बँक अट घालते की पुढच्या दोन-तीन वर्षांच्या उत्पादनाचा अमुक हिस्सा बांधलाच पाहिजे. बँकेचं बरोबर आहे, तिला हप्ता पाहिजे, तेजीचा वाटा तिला मिळत नाही. पण मालकाला ही अट नेमकी कधी पाळावी लागते बघा, कर्ज नवीन करून घ्यायच्या वेळी, म्हंजे बहुतेक मंदीत, जेव्हा भाव तळाला असतोय. २०२० च्या एप्रिलमध्ये तेल शून्याखाली गेलं, घाबरून कित्येक शेल कंपन्यांनी २०२१ चं आणि पुढचंही तेल ४०-५० डॉलरला बांधलं, आणि मार्च २०२२ ला भाव १२० च्या वर होता. जन्मात एकदा येणारी तेजी त्यांनी बँकेच्या नावावर करून दिली. मी बँकांना दोष देत नाही, पण हेजिंगनं पहिला कोण वाचतो तर कर्ज देणारा, हे शेअर घेणाऱ्यानं डोक्यात ठेवावं. एक्सॉनमोबिल, शेव्हरॉनसारख्या मोठ्या कंपन्या आपलं उत्पादन सहसा बांधत नाहीत, त्यांना कर्जाचा एवढा फास नसतो.

प्र. मग भाव फिरला की हेज काढून टाकायचा ना मधेच?

तसं करता येतं आणि तिथंच माणूस सट्ट्यात शिरतो. कॉन्टिनेंटल रिसोर्सेसचे हॅरोल्ड हॅम यांनी २०१४ च्या शरदात जवळजवळ सगळे तेलाचे हेज विकून ४३ कोटी डॉलरच्या वर फायदा पदरात पाडला, त्यांना वाटलं पडझड संपली. नोव्हेंबर २०१४ ला हे जाहीर केलं तेव्हा भाव ७५-८० च्या दरम्यान होता, फेब्रुवारी २०१६ ला २६ झाला. तेलातला त्यांच्याएवढा जाणकार माणूस शोधून सापडणार नाही, तरी असं झालं. काढायची मुभा आहे म्हटलं की रोज निर्णय घ्यावा लागतो, आणि रोज निर्णय घ्यायला लागला की ते हेज राहत नाही.

प्र. भारतातल्या तेल उत्पादकांचं काय?

आपल्याकडं वरचं टोक सरकारच कापतंय. १ जुलै २०२२ ला देशात निघणाऱ्या क्रूडवर टनामागं २३,२५० रुपये विंडफॉल टॅक्स लावला, पुढं दर पंधरवड्याला तो बदलत राहिला आणि २ डिसेंबर २०२४ ला काढला. हा टॅक्स टनावर होता, तुम्हाला किती भाव मिळाला त्यावर नव्हता. म्हंजे कुणी ७० ला बांधून बसला असता तर तेजीचे पैसे बँकेला आणि तेजीचा टॅक्स सरकारला, दोन्ही त्याच्याच खिशातून. गॅसमध्ये तर एप्रिल २०२३ पासून ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या फील्डच्या गॅसला खाली ४ आणि वर ६.५ डॉलर अशी चौकट आहे, वरची मर्यादा २०२५ ला थोडी वाढवली. आधीच कॉलर घातलेल्या मालावर परत काय हेज करणार.

प्र. सरकार काँट्रॅक्टच बंद करू शकतंय का?

करू शकतंय. आपल्या बैलहोंगल, हुक्केरी, निपाणी भागात सोयाबीन किती आहे सांगायला नको. २० डिसेंबर २०२१ ला सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचे नवीन सौदे एका वर्षासाठी थांबवले आणि नंतर मुदत वाढवत नेली. क्रूडवर तशी वेळ आलेली नाही, पण दोन-तीन वर्षांचं हेज महिन्या-महिन्याच्या काँट्रॅक्टवर पुढं ढकलत नेणाऱ्यानं ही शक्यता धरूनच चालावं.

प्र. माझा भाचा रात्री एमसीएक्सवर क्रूड करतोय, विचारलं की म्हणतो मामा हेजिंग आहे.

त्याच्याकडं तेलाची विहीर नाही, टँकर नाही, पंप नाही, मग तो कशाचं हेज करतोय? ते सट्टा आहे आणि त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगा. २० एप्रिल २०२० ला लॉकडाऊनमुळं एमसीएक्स संध्याकाळी ५ लाच बंद होत होतं. बंद होताना क्रूड हजार रुपयांच्या थोडं खाली होतं, रात्री अमेरिकेत भाव उणे ३७.६३ डॉलरवर गेला, आणि इथलं सेटलमेंट उणे २,८८४ रुपयांनी झालं. शंभर बॅरलच्या एका लॉटमागं पावणेचार लाखाच्या पुढं तोटा, आणि मधे विकून बाहेर पडायला बाजारच उघडा नव्हता. ज्यांनी स्वस्त मिळतंय म्हणून दहा लॉट घेतले होते त्यांचा हिशेब तुम्हीच करा. आपल्या भागातल्या घरांना असा फटका सोसणारा नाही.

प्र. कंपन्यांच्या हेजिंगमुळं आपल्या पंपावर पेट्रोल स्वस्त-महाग होतंय का?

नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं भावात जो फरक दिसतोय तो राज्यांच्या टॅक्सचा आहे. १५ जून २०२४ ला कर्नाटकनं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला तेव्हा लिटरला ३ रुपये वाढले, त्याचा टेक्सासमधल्या कुणाच्या स्वॅपशी संबंध नाही.

प्र. एवढे तोटे आहेत तर हेज करूच नये का?

असं मी म्हणत नाही. डोक्यावर कर्ज आहे आणि भाव ४० झाला तर कंपनी बुडणार असेल तर बांधलाच पाहिजे. पण खात्रीनं निघणाऱ्या मालाच्या निम्म्या-साठ टक्क्यांच्या वर बांधू नये, विकलेले ऑप्शन टाळावेत, आणि भाव दीडपट झाला तर किती मार्जिन लागेल तेवढी रोकड किंवा बँकेची लिमिट आधीच बाजूला असावी. ही शेवटची गोष्ट नसेल तर बाकीचं सगळं असून उपयोग नाही.

प्र. शेअर घ्यायच्या आधी कंपनीच्या रिपोर्टमध्ये हेजिंगचं काय बघू?

पहिलं पान सोडा, मागं नोट्समध्ये डेरिव्हेटिव्हचा तक्ता असतो तो काढा. त्यात स्वॅप किती, कॉलर किती, आणि विकलेला पुट म्हणून वेगळा कॉलम आहे का बघा, असेल तर ५० ला हेज हे वाक्य विसरा. हेज डब्ल्यूटीआयवर आहे आणि विहिरी मिडलँडला आहेत तर त्या फरकाचं वेगळं हेज केलंय का तेही तिथंच कळतं. बांधलेले बॅरल आणि गेल्या वर्षीचं उत्पादन शेजारी शेजारी मांडा. मग कॅश फ्लोमध्ये मार्जिन किंवा तारण म्हणून किती पैसे बाहेर गेले ते बघा, नफा-तोट्याच्या आकड्यापेक्षा मी हा आकडा आधी बघतो. तक्ता इंग्रजीत असतो, अडलं तर प्रिंट काढून घेऊन या, संध्याकाळी सातनंतर मी ऑफिसात असतो.